गुपिताचे वाटे

नोव्हेंबर 2025 मध्ये जगभरातल्या कूटलेखनतज्ज्ञांच्या संघटनेला आपली निवडणूक रद्द करावी लागली. संघटनेचं नाव इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टॉलॉजिक रिसर्च. 1982 मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे या शास्त्राचं माहेरघर. संचालक आणि पदाधिकारी निवडण्यासाठी सभासदांनी महिनाभर ऑनलाइन मतदान केलं होतं. मतं सुरक्षित होती, कुणी फोडली नव्हती, कुणी बदललीही नव्हती. पण ती मोजता येत नव्हती. निकाल उघडणारी किल्ली तीन विश्वस्तांमध्ये विभागलेली होती आणि निकालासाठी तिघांचेही भाग लागणार होते. त्यांपैकी एकाकडून त्याचा भाग कायमचा हरवला.

तिघांचे भाग सक्तीचे ठेवण्यामागे विचार होता. दोघांनी संगनमत केलं तरी मतं उघडता येऊ नयेत, म्हणून तिसऱ्याशिवाय पान हलणार नाही अशी योजना केली होती. फितुरीचा बंदोबस्त झाला, हरवण्याचा झाला नाही. ही प्रामाणिक मानवी चूक असल्याचं संघटनेने मोकळेपणाने जाहीर केलं, मतदान पुन्हा घेतलं आणि यापुढे तीनपैकी कोणतेही दोन भाग पुरतील अशी पद्धत स्वीकारायचं ठरवलं.

हे मतदान ज्या प्रणालीवर झालं तिचं नाव हेलिऑस. बेन अडीडा यांनी 2008 मध्ये ती मांडली आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाने आपला कुलप्रमुख निवडण्यासाठी ती वापरली. हेलिऑसमध्ये मत कूटबद्ध होतं ते मतदाराच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साह्याने. सर्व्हरकडे पोचतो तो फक्त अगम्य आकड्यांचा ढीग. म्हणजे गुप्ततेची दोन कामं इथे एकत्र येतात: मजकूर आपल्याच यंत्रावर बंद करणं आणि तो उघडणारी किल्ली अनेकांत वाटून ठेवणं. ही दोन्ही कामं आज कुणालाही फुकट मिळणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररींनी, म्हणजे तयार कोडच्या संचांनी, करता येतात. त्या कशा चालतात, कुठे दगा देतात आणि त्यांच्यावर किती विसंबावं, हे समजून घेण्याची गरज आता तज्ज्ञांपुरती उरलेली नाही. पासवर्डची यादी, मृत्युपत्राची स्कॅन केलेली प्रत, संस्थेच्या खात्यांचे तपशील, घरोघरी अशा फाइली तयार झाल्या आहेत.

गुपित सांभाळताना दोन भीती असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. एक चोरीची, दुसरी हरवण्याची. हरवू नये म्हणून चार ठिकाणी प्रती ठेवल्या तर चोराला चार दारं मिळतात. चोरीला जाऊ नये म्हणून एकाच माणसाकडे ठेवलं तर त्या माणसाचं काही बरंवाईट झालं की सगळं संपतं. डिसेंबर 2018 मध्ये क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या क्रिप्टोचलन बाजाराचा प्रमुख जेराल्ड कॉटन जयपूरमध्ये मरण पावला, तेव्हा कंपनीने सांगितलं की ग्राहकांच्या ठेवींच्या किल्ल्या एकट्या त्याच्याकडे होत्या. सुमारे 76 हजार ग्राहक हवालदिल झाले. पुढे ओंटॅरिओच्या रोखे आयोगाने 2020 मध्ये चौकशीचा अहवाल दिला. पैसे किल्लीअभावी अडकलेले नव्हते, बहुतांश रक्कम कॉटननेच आधी लबाडीने उधळली होती, असं त्यातून निष्पन्न झालं. एकाच हातात सगळ्या किल्ल्या देण्याचे दोन्ही धोके या एका प्रकरणात दिसतात: त्या हातावर कुणाची नजर नव्हती, आणि तो हात गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही.

मधला मार्ग शोधला तो इस्रायली गणिती अदी शमीर यांनी. आरएसए या प्रसिद्ध कूटपद्धतीच्या नावातला मधला ‘एस’ म्हणजे हेच शमीर. 2002 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना रिव्हेस्ट आणि एडलमन यांच्यासह मिळाला. नोव्हेंबर 1979 मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यांचा एक निबंध छापून आला, जेमतेम दोन पानांचा. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनीही स्वतंत्रपणे, वेगळ्या भूमितीने, हाच प्रश्न सोडवला होता. पण शमीर यांची रीत इतकी सोपी होती की पुढे तीच रुळली.

शमीर यांनी सुरुवात एका जुन्या कोड्याने केली आहे. 11 शास्त्रज्ञ एका गुप्त प्रकल्पावर काम करतात. कागदपत्रं कपाटात आहेत आणि किमान 6 जण हजर असतील तरच कपाट उघडलं पाहिजे. साधी कुलपं वापरायची तर किती लागतील? कोणतेही 5 जण एकत्र आले तर त्यांना न उघडणारं एक तरी कुलूप हवं. हिशेब केला की उत्तर येतं 462 कुलपं आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या जुडग्यात 252 किल्ल्या. शास्त्रज्ञ वाढले की हा आकडा आवाक्याबाहेर जातो. शमीर यांनी कुलपांचा हा सगळा डोंगर एका आलेखाने हलवला.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गणितातला पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. त्यातलं ज्ञान इथे पुरतं. समजा गुपित आहे 37 हा आकडा. आलेखाच्या उभ्या अक्षावर 37 पाशी एक बिंदू घ्यायचा आणि त्यातून एक तिरकी रेषा काढायची. तिचा चढ किती असावा हे नशिबावर सोडायचं; समजा 8 आला. मग आडव्या अक्षावर 1 पाशी रेषेची उंची होते 45, 2 पाशी 53, 3 पाशी 61. पहिल्या माणसाला ‘1 आणि 45’, दुसऱ्याला ‘2 आणि 53’, तिसऱ्याला ‘3 आणि 61’ असे वाटे द्यायचे. मूळ 37 आणि 8 हे दोन्ही आकडे पुसून टाकायचे.

आता पहिला आणि तिसरा एकत्र आले. दोन पायऱ्यांत उंची 45 वरून 61 वर गेली, म्हणजे पायरीला 8. एक पायरी मागे गेलं की 45 वजा 8, उत्तर 37. कोणतेही दोघे आले तरी हेच उत्तर येतं, कारण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. एकटा माणूस मात्र लंगडा पडतो. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात आणि प्रत्येक रेषा उभ्या अक्षाला वेगळ्या जागी छेदते. तिघांची सक्ती हवी असेल तर रेषेऐवजी परवलय घ्यायचं, कारण ते ठरायला तीन बिंदू लागतात. चौघांची हवी तर आणखी एका घाताने वाढवायचं. किती वाटे करायचे आणि किती पुरेसे मानायचे हे दोन आकडे आपण ठरवायचे.

या सुंदर युक्तीत एक बारीक भोक आहे. दुसऱ्या माणसाकडे 53 आहे. तो विचार करू शकतो: माझा आकडा म्हणजे गुपित अधिक दोन वेळा चढ. दोन वेळा काहीही घेतलं तरी ती संख्या समच येणार. माझा आकडा विषम आहे, म्हणजे गुपित विषमच असलं पाहिजे. एकटा असूनही त्याने निम्म्या शक्यता उडवल्या. ही गळती थांबवण्यासाठी शमीर यांनी साधं अंकगणित सोडून घड्याळासारखं गोल फिरणारं अंकगणित घेतलं. आकडे 97 सारख्या मूळ संख्येपर्यंत गेले की पुन्हा 0 पासून सुरू. या जगात सम-विषमाला अर्थ उरत नाही आणि एकट्या वाट्यावरून कोणतंही गुपित तितकंच संभवनीय राहतं. इथे सुरक्षितता संगणकाच्या वेगावर अवलंबून नाही, हे या पद्धतीचं खरं मोठेपण. जगातले सगळे संगणक शंभर वर्षं राबवले तरी एका वाट्यातून दोन वाट्यांचं गुपित निघणार नाही, कारण त्या वाट्यात ते नाहीच. उद्या क्वांटम संगणक आले तरी या गणिताला धक्का नाही. आजच्या बहुतेक कूटपद्धतींना हे प्रमाणपत्र देता येत नाही.

निबंधात शमीर यांनी व्यवहारातला आणखी एक उपयोग सांगितला आहे. धनादेशावर सही होण्यासाठी तीन वाटे लागतील असं ठरवावं आणि अध्यक्षाला तीन, उपाध्यक्षांना दोन-दोन, इतर अधिकाऱ्यांना एकेक वाटा द्यावा. मग अध्यक्ष एकटा सही करू शकतो, उपाध्यक्षाला एका अधिकाऱ्याची साथ लागते, आणि साध्या अधिकाऱ्यांना तिघांनी एकत्र यावं लागतं. सहकारी संस्था आणि विश्वस्त मंडळं यांच्या कारभाराला हा विचार चपखल बसतो.

आता वळू जावास्क्रिप्टकडे. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. वेबपानांना थोडी हालचाल यावी एवढंच तेव्हा अपेक्षित होतं. तिच्यावर तिजोरी उभारायची हा विचार कुणाच्या मनातही नव्हता. पण ब्राउझर प्रत्येक घरात पोचला आणि त्याच्यासोबत जावास्क्रिप्टही. काही वेगळं बसवायला न लावता वापरणाऱ्याच्या यंत्रावरच मजकूर बंद करता येईल अशी ती एकमेव जागा ठरली.

2009 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एमिली स्टार्क, माइक हॅम्बर्ग आणि डॅन बोने यांनी कूटलेखनाची एक आटोपशीर जावास्क्रिप्ट लायब्ररी सादर केली. त्यांच्यापुढची पहिली अडचण फार मूलभूत होती. किल्ली तयार करायला अंदाज न येणारे आकडे लागतात आणि तेव्हाच्या ब्राउझरांत ते मिळवण्याची भरवशाची सोय नव्हती. म्हणून ही लायब्ररी वापरणाऱ्याच्या माउसच्या हालचाली टिपून त्यांतून यादृच्छिकता गोळा करत असे.

ही काळजी किती रास्त होती ते पुढे दिसलं. जावास्क्रिप्टमध्ये मॅथ डॉट रँडम नावाची एक सोय पहिल्यापासून आहे. खेळातला फासा टाकायला ती ठीक आहे. किल्ली बनवायला ती वापरणं म्हणजे दार उघडं ठेवणं, कारण तिचे काही आकडे पाहून पुढचे ओळखता येतात. क्रोम ब्राउझरच्या इंजिनने 2015 च्या अखेरीस तिची जुनी, दुबळी रीत बदलली, तरी गुप्ततेच्या कामाला ती आजही अयोग्यच आहे. 2011 ते 2015 या काळात बिटकॉइनची अनेक पाकिटं बिटकॉइनजेएस या लायब्ररीने, किंवा तिच्यावर बेतलेल्या साधनांनी, ब्राउझरमध्ये तयार झाली. तिने आधाराला घेतलेलं यादृच्छिक आकड्यांचं जुनं साधन काही ब्राउझरांत गुपचूप मॅथ डॉट रँडमवर घसरत होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये अनसायफर्ड या कंपनीने ही त्रुटी ‘रँडस्टॉर्म’ नावाने जाहीर केली, तेव्हा बारा वर्षांपूर्वी बनलेल्या किल्ल्याही धोक्यात असल्याचं लोकांना कळलं. अशा चुकीचं लक्षण बाहेर दिसत नाही. पाकीट उघडतं, बंद होतं, व्यवहार होतात, सगळं सुरळीत चालतं.

आज ही अडचण सुटलेली आहे. जानेवारी 2017 मध्ये वेब क्रिप्टोग्राफी एपीआय हे अधिकृत मानक झालं आणि प्रमुख ब्राउझरांनी ते अंगभूत दिलं. यादृच्छिक आकडे आता थेट कार्यप्रणालीकडून येतात आणि एईएससारखी कूटपद्धत ब्राउझरच स्वतः चालवतो. या सोयीच्या मुख्य भागाला ‘सटल’, म्हणजे बारकाव्यांचा, या नावाने हाक मारावी लागते. यातल्या पद्धती वापरताना बारकावे चुकले तर सुरक्षितता राहत नाही, याची आठवण प्रत्येक प्रोग्रॅमरला प्रत्येक ओळीत व्हावी म्हणून मुद्दाम हे नाव ठेवलेलं आहे.

गुपिताचे वाटे करण्याची सोय मात्र ब्राउझरमध्ये अंगभूत नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. सीक्रेट्स डॉट जेएस ही त्यांतली जुनी आणि बरीच वापरली गेलेली. तिची मुख्य कामं दोनच आहेत: ‘शेअर’ आणि ‘कम्बाइन’. पहिल्याला गुपित, वाट्यांची संख्या आणि पुरेशा वाट्यांची संख्या द्यायची. ते वाट्यांची यादी परत करतं. दुसऱ्याला वाटे द्यायचे. ते गुपित परत करतं. वाटा म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांब माळ. तिच्या सुरुवातीचं 8 हे चिन्ह कोणतं अंकगणित वापरलं ते सांगतं आणि पुढची दोन स्थानं वाट्याचा क्रमांक सांगतात. घड्याळाऐवजी इथे 256 संख्यांचं एक खास अंकगणित असतं, कारण संगणकाचा एक बाइट 256 रूपं घेऊ शकतो. या अंकगणितात वाटे जास्तीत जास्त 255 करता येतात. एक जागा कमी का? कारण शून्य क्रमांकाचा वाटा म्हणजे खुद्द गुपित. उभ्या अक्षावरचा तो बिंदू कुणालाही द्यायचा नसतो. ही गोष्ट वाचताना उघड वाटते, तरी डिसेंबर 2021 मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की क्रिप्टोचलन सांभाळणाऱ्या काही लायब्ररी सहभागी व्यक्तीचा क्रमांक शून्य किंवा शून्याइतकाच ठरेल असा येतोय का हे तपासतच नव्हत्या.

मोठी फाइल थेट वाटत नाहीत. प्रत्येक वाटा मूळ गुपिताएवढाच मोठा असतो, त्यामुळे शंभर पानांच्या दस्तऐवजाचे पाच वाटे म्हणजे पाचशे पानांचा पसारा. शहाणी रीत अशी: आधी ब्राउझरकडून 32 बाइटांची एक नवी यादृच्छिक किल्ली घ्यायची. तिने एईएस पद्धतीच्या जीसीएम प्रकारात फाइल बंद करायची. हा प्रकार निवडण्याचं कारण म्हणजे तो फाइलला एक मोहोरही लावतो. कुणी एक अक्षर जरी बदललं तरी उघडताना नकार मिळतो. मग फक्त त्या 32 बाइटांच्या किल्लीचे वाटे करायचे. बंद फाइल कुठेही ठेवली तरी चालते, ईमेलमध्ये, क्लाउडवर, पेनड्राइव्हवर. वाटे मात्र माणसांकडे जातात. ते इतके छोटे असतात की कागदावर छापता येतात.

त्या मोहोरेचं महत्त्व एका गोष्टीमुळे वाढतं. शमीर यांच्या गणिताला ‘चूक’ म्हणणं माहीतच नाही. तीन वाटे लागत असताना दोनच दिले, किंवा एका वाट्यात टंकनाची चूक झाली, तरी लायब्ररी तक्रार न करता काहीतरी उत्तर काढून देते. ते उत्तर दिसायला किल्लीसारखंच असतं, फक्त खोटं असतं. जीसीएमची मोहोर जुळली नाही की गडबड लगेच उघड होते. मोहोरेशिवाय नुसते वाटे जोडणारा माणूस चुकीच्या किल्लीने कुलूप खटखटत बसेल आणि फाइलच बिघडली असं समजेल.

लायब्ररी निवडताना तिला लोकांनी दिलेले तारे आणि डाउनलोड मोजून भागत नाही. कुणी तिची स्वतंत्र तपासणी केली आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. प्रिव्ही या कंपनीने खुली केलेली शमीर पद्धतीची लायब्ररी क्युअर53 आणि झेलिक या दोन तपासणी संस्थांच्या नजरेखालून गेलेली आहे. शिवाय तिचा सगळा कोड एका बैठकीत वाचून होण्याइतका आटोपशीर आहे. लहान कोड हा या क्षेत्रात मोठा गुण आहे. जिथे एका ओळीने घात होऊ शकतो, तिथे ओळी जितक्या कमी तितकं बरं.

जावास्क्रिप्टवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र कोडच्या लांबीचा नाही, तो येतो कुठून याचा आहे. वेबपान उघडताना कोड सर्व्हरकडून नव्याने येऊ शकतो. काल चोख असलेलं पान आज तुमचं गुपित कुठेतरी पाठवू लागलं, तर बंद करणारं बटण तसंच दिसेल. ‘सर्व्हरवर विश्वास नको म्हणून ब्राउझरमध्ये कूटलेखन करा’ या सल्ल्यातला हा पेच अनेक सुरक्षातज्ज्ञांनी वर्षानुवर्षं दाखवला आहे आणि तो खरा आहे.

लायब्ररींच्या साखळीतही तोच धोका आहे. एनपीएम या कोशातून घेतलेली एक लायब्ररी दुसऱ्या दहांवर उभी असते आणि त्या आणखी शंभरांवर. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजचा सांभाळ थकलेल्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवला. त्याने आत एक छोटं अवलंबन घुसवलं. ते बाकी सगळीकडे गप्प राहायचं आणि कोपे नावाच्या बिटकॉइन पाकिटात पोचलं की किल्ल्या चोरायचं. सप्टेंबर 2025 मध्ये चॉक आणि डीबग यांच्यासह 18 पॅकेजं एका फसव्या ईमेलमुळे काही तासांसाठी चोरांच्या ताब्यात गेली. ही पॅकेजं आठवड्याला अब्जावधी वेळा उतरवली जातात. चोरांनी घातलेला कोड ब्राउझरमध्ये क्रिप्टोचलन कुणाला पाठवायचं तो पत्ता गुपचूप बदलत होता.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. संपूर्ण साधन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बांधलेलं असावं. ती फाइल एकदा उतरवून तपासावी आणि इंटरनेट तोडून चालवावी. पॅरिटी या कंपनीचं बनाना स्प्लिट हे मुक्त साधन याच विचाराने बनलं आहे. ते ऑफलाइन चालतं, आधी गुपित एका परवलीच्या शब्दसमूहाने बंद करतं, मग शमीर पद्धतीने त्याचे वाटे करतं आणि प्रत्येक वाटा क्यूआर चित्र म्हणून छापायला देतं. परवलीचे शब्द हाताने लिहायचे असतात, म्हणजे प्रिंटरच्या स्मृतीत काही उरलं तरी त्याचा उपयोग नाही.

तरीही काही मर्यादा उरतातच. जावास्क्रिप्टमध्ये एकदा स्मृतीत आलेला मजकूर खात्रीने पुसता येत नाही. साफसफाई कधी करायची ते इंजिन ठरवतं. आणि वाटे जोडण्याच्या क्षणी अख्खं गुपित एका यंत्रावर, एका माणसासमोर उघडं होतं. रोजच्या रोज सह्या करणाऱ्या मोठ्या संस्थांनी यासाठी किल्ली कधीच न जोडता एकत्र सही करण्याच्या नव्या पद्धती घ्याव्यात. काही वर्षांतून एकदा उघडायच्या पाकिटासाठी शमीर यांची पद्धत उत्तम आहे.

गणिताचं काम इथे संपतं आणि माणसांचं सुरू होतं. त्याचा सर्वांत नीट नमुना पाहायचा तर इंटरनेटच्या नावपत्त्यांच्या मुळाशी जावं लागतं. संकेतस्थळांची नावं खरी आहेत याची हमी देणारी मूळ किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी, कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे, पहाऱ्यात ठेवलेली आहे. 16 जून 2010 रोजी कल्पेपरला तिचा पहिला विधी झाला. प्रत्येक ठिकाणी सात जण नेमलेले आहेत आणि किल्ली वापरायला त्यांपैकी तीन हजर लागतात. दोन्ही ठिकाणं नष्ट झालीच तर किल्ली पुन्हा उभी करण्यासाठी आणखी सात जण वेगवेगळ्या देशांत आहेत. त्यांच्यापैकी पाच लागतात. फेब्रुवारी 2020 मध्ये एल सेगुंडोच्या तिजोरीचं कुलूपच अडकलं आणि विधी काही दिवस लांबला. एप्रिलमध्ये करोनामुळे कुणाला प्रवास करता येईना, तेव्हा या नेमलेल्या जणांनी तिजोरीतल्या आपापल्या कप्प्यांच्या किल्ल्या सीलबंद पिशव्यांतून पाठवल्या. दोन्ही वेळा काम पार पडलं, कारण अडचण येणारच हे गृहीत धरून आकडे ठरवलेले होते.

घरच्या किंवा छोट्या संस्थेच्या कामाला एवढा थाट नको. सर्व्हरांची गुपितं सांभाळणाऱ्या व्हॉल्ट या साधनात मूळ योजना पाचांपैकी तीन वाट्यांची असते आणि ती संस्थेसाठी चांगली आहे. कुटुंबासाठी तीनपैकी दोन पुरे. एक वाटा जोडीदाराकडे, एक दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडे, एक वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. दोन वाटे एकाच घरात, एकाच फोनमध्ये किंवा एकाच ईमेल खात्यात नकोत. प्रत्येक वाट्यासोबत साध्या मराठीत लिहिलेला कागद हवा: हे काय आहे, किती वाटे लागतात, बाकीचे कुणाकडे आहेत, बंद फाइल कुठे आहे, कोणत्या साधनाने जोडायचं. त्या साधनाची एचटीएमएल फाइलही सोबत पेनड्राइव्हवर द्यावी, कारण दहा वर्षांनी ते संकेतस्थळ असेलच असं नाही. वाटेकऱ्याशी संबंध तुटले किंवा तो वारला तर सगळ्यांचे वाटे नव्याने करावेत. मूळ गुपित तेच ठेवून नवा आलेख काढता येतो, हे शमीर यांनी 1979 मध्येच लिहून ठेवलं आहे. नवे वाटे पोचले की जुने सगळे नष्ट करावेत.

आणि मूळ प्रत पुसण्याआधी एक काम चुकवू नका. दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद करून, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फक्त तो कागद आणि दोन वाटे द्या आणि फाइल उघडायला सांगा. मग दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्ही जोड्यांनी फाइल उघडली तरच मूळ प्रत पुसा आणि ही तालीम दरवर्षी एकदा पुन्हा करा.